सरुबाईंसाठी बांधलेली मोटार

देवराव खिल्लारे मला पहिल्यांदा दिसले ते गळ्यात मोटारीचं स्टिअरिंग अडकवलेले. मी शाळेत शिकवून घरी येत होते. नारायणगुड्याच्या चौकात समोरून एक सडपातळ माणूस सायकलवरून आला. खाकी पँट, वर पांढरा सदरा, आणि हार घालावा तसं ते मोठं काळं चाक गळ्यात. दोन्ही हात सायकलच्या हँडलला गुंतलेले, म्हणून त्याने ही सोय केली असणार. चौकातल्या पोलिसाने शिट्टी फुंकून त्याला थांबवलं.

"क्यों मियाँ, बाकी की मोटर किधर छोड के आए?"

"घर पे है साब. पेटी में."

"पेटी में? मोटर है या आम है?"

"अब्बी कच्ची है साब," तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "पकने को रक्खा हूँ."

पानवाला हसला, दोन टांगेवाले हसले, शेवटी पोलिसही हसला आणि त्याने हाताने 'जा' म्हटलं. तो मात्र हसला नाही. सायकलवर टांग टाकून निघाला तो थेट आमच्याच गल्लीत वळला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका जुन्या नवाबाची देवडी होती, म्हणजे मोठी हवेली. घोडे कधीच गेले होते, पण तबेला शिल्लक होता. त्या तबेल्यात नुकतंच एक मराठी कुटुंब राहायला आलं होतं, आणि हा त्या घरचा कर्ता होता. घरात तो, त्याची बायको चतुराबाई आणि म्हातारी आई सरुबाई. मी समोरच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. माझ्या गॅलरीतून तबेल्याचं अंगण पूर्ण दिसायचं. गल्लीत रिकाम्या खोल्या होत्या, तरी या माणसांना तबेलाच का मिळाला हे मी कुणाला विचारलं नाही. विचारण्याची गरजही नव्हती. ही १९५४ची गोष्ट आहे.

देवराव सरकारी बसगाड्यांच्या कारखान्यात बॉडी बांधण्याच्या कामावर होते. बसचा सांगाडा आणि इंजिन बाहेरून यायचं. त्यावर सागवानी चौकट, तिला पत्रा, आत बाकं, खिडक्यांना झडपा, हे सगळं कारखान्यात चढवायचं. देवरावांचे वडील हिंगोलीकडच्या एका खेड्यातून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि लवकर वारले. देवराव पोरवयातच कारखान्यात लागले ते रंधा हातात घेऊन. रस्त्याने बस गेली की आवाजावरून ते सांगत, ही आमच्या हातची आहे की दुसऱ्या पाळीची.

पेट्यांत खरोखरच मोटार होती. जागिरी गेल्यावर बरकतपुऱ्यातल्या एका जागीरदाराच्या घरून सामान विकायला निघालं, त्यात या पेट्या होत्या. त्या काळी मोटारीचा नुसता सांगाडा आणि इंजिन विलायतेहून मागवायचं आणि वरचा भाग इथे बांधून घ्यायचा, अशी रीत होती. जागीरदाराच्या मुलाने महायुद्धाच्या आधी एक लहानशी गाडी अशीच मागवली होती. दोन माणसांची, वर कापडी टप घालायची, हौसेची गाडी. ती बांधायची राहिली आणि पेट्या गोदामात पडून राहिल्या. देवरावांनी त्या एक-एक करून घरी आणल्या. स्टिअरिंग सगळ्यात शेवटी सापडलं.

सुरुवातीला मला वाटलं, हा छंद आहे. तसं नव्हतं. ते मला चतुराबाईंनी एकदा वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं.

"बाई, हे नादी न्हाईत. ह्यांच्या मनात एक गोष्ट बसलीया."

काही वर्षांपूर्वी देवराव आईला घेऊन गावाकडून बसने येत होते. सरुबाईंना पुढे जागा मिळाली होती. गुडघ्यांमुळे त्यांना पाय खाली सोडून बसवत नसे, म्हणून बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. वाटेत एका गावाला दोन-तीन माणसं चढली. त्यांनी विचारलं, म्हातारी कोणाची? सरुबाईंनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग गलका झाला आणि सरुबाई उठल्या. पुढचा सगळा रस्ता त्या दाराजवळ, पोत्यांना टेकून, खाली बसून आल्या.

"हे शेजारीच होते," चतुराबाई म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडून शब्द फुटला न्हाई. अन् ती बस ह्यांनीच बांधलेली. त्या बाकाच्या फळ्या ह्यांनीच घासलेल्या."

तेव्हापासून देवराव आईला बसमध्ये बसू देत नसत. सरुबाईंना मात्र त्या गोष्टीचं फारसं काही वाटलं नसावं. निदान त्या तसं दाखवत नसत. "अशा गोष्टी मनात ठिवल्या तर माणसानं जगावं कधी?" असं त्या म्हणायच्या, आणि तंबाखू मळायला घ्यायच्या.

इंजिन जोडायला मकबूलमियाँ यायचे. ते नामपल्लीला स्टेशनाबाहेर मोटारी दुरुस्त करत. जाड भिंगाचा चष्मा, तोंडात पान, आणि बोलणं सगळं वरच्या पट्टीत. देवरावांचे ते एकमेव मित्र होते असं म्हटलं तरी चालेल. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्लीतली सगळी माणसं दारात आली. हँडल मारून मारून दोघांचे दंड भरून आले होते. एकदम धूर निघाला, इंजिनाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि चालू लागलं. मकबूलमियाँनी टोपी काढून सांगाड्याला वारा घातला. सरुबाई आतून ओरडल्या, "देवा, लेकराच्या अंगावर उडंल ते, दूर हो!" त्या मुलाला देवा म्हणत.

मग देवरावांनी बॉडीला हात घातला. दिवसभर कारखान्यात बसच्या बॉड्या बांधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन ही. एका रविवारी त्यांनी आईला अंगणात एका फळीवर मांडी घालून बसवलं आणि तिच्याभोवती खडूने रेघ काढली.

"माय, जरा सैल बस. अंग चोरून बसू नको."

"आता आन् किती सैल बसू? काय म्हशीला गोठा बांधायलास का?"

ती खडूची रेघ मी गॅलरीतून पाहिली. त्या रेघेच्या मापाचं बाक झालं, त्या बाकाच्या मापाची गाडी झाली. दोन माणसांच्या हौसेच्या गाडीवर देवरावांनी सागवानी चौकट उभी केली. दार रुंद, कारण सरुबाईंना आडवं होऊन चढावं लागे. दाराशी खाली लोखंडी पायरी. आत धरायला पितळी दांडा, बसमध्ये असतो तसा. खिडक्यांना झडपा. वर पत्र्याचं छत, आणि त्याला आतून फळ्या, ऊन लागू नये म्हणून. जोड असे की नख जाऊ नये. त्यांना हेच काम येत होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं. गाडी लहानशा बससारखी दिसायला लागली. येणारे-जाणारे विचारत, "देवराव, कंडक्टर किधर है?"

मकबूलमियाँ सुरुवातीला गंमत करत, मग गप्प झाले, मग एकदा भडकले.

"अरे देवराव, इंजन चुव्वे का, बॉडी हत्ती की! ये लकडी निकालो. पत्रा मारो, कपडा मारो. चढाव आया तो क्या करते?"

"आमच्या बसा जातातच की घाटातून."

"बस में बस का इंजन रहता ना, बावा!"

"मग बाक कुठं बसवू? कपड्यावर?"

पान थुंकून मकबूलमियाँ पुन्हा इंजिनाकडे वळले.

असं दीड-दोन वर्षं चाललं. कधी स्प्रिंगचा एखादा पाटा मिळत नसे, कधी टायर. सगळ्यांना वाटे, ही गाडी अशीच तबेल्यात राहणार. देवरावांना घाई नव्हती. मग १९५६चं साल आलं आणि एकदम दोन्हीकडून घाई झाली.

त्या वर्षी आमचं हैदराबाद राज्य मोडणार हे ठरलं होतं. नांदेड, परभणी, औरंगाबाद मुंबई राज्यात जाणार, कानडी भाग म्हैसूरला, आणि आम्ही आंध्रात. आमच्या शाळेत तोच विषय. दोन शिक्षिकांनी तिकडे बदली मागून घेतली, वर्गातली मुलं कमी होऊ लागली. देवरावांच्या कारखान्यात तिकडे द्यायच्या बसगाड्या आधी दुरुस्त करायच्या होत्या. कामाला अंत नव्हता. सुट्ट्या बंद झाल्या. देवराव दिवेलागणीनंतर घरी येत आणि जेवून लगेच झोपत.

आणि दसरा तीनेक आठवड्यांवर असताना सूर्यभान आला. सूर्यभान म्हणजे चतुराबाईंचा धाकटा भाऊ. रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर होता, तारनाक्याकडे राहायचा. बोलायला लागला की उभा राहूनच बोलायचा. त्या दिवशी तो अंगणात इतक्या मोठ्याने बोलत होता की मी गॅलरीत आले.

"दसऱ्याला नागपूर! बाबासाहेब स्वतः दीक्षा देणार. आक्का, आपलं सगळं घर जाणार. मामी, तुम्हीबी."

सरुबाई बाजेवर होत्या. त्या उठून बसल्या.

"बाबासाहेब दिसतील का रे तिथं?"

"दिसतील म्हंजे? समोर उभे राहतील!"

सरुबाईंनी बाबासाहेबांना कधी पाहिलं नव्हतं. औरंगाबादेला ते आले होते तेव्हा नवरा आजारी होता. पुन्हा आले तेव्हा गुडघे धरलेले. घरात त्यांचं चित्र होतं, त्याच्याकडे बोट दाखवून त्या मला म्हणायच्या, "असेच दिसतात का हो बाई? का फोटोवाल्यानं चष्मा मोठा केला?" म्हातारीची एकच इच्छा होती, आणि ती आता जुळून येत होती.

"आमची आगगाडीनं जायची सगळी तयारी झालीया," सूर्यभान म्हणाला. "काजीपेठेला गाडी बदलायची. मामीला आम्ही चौघं उचलून चढवतो."

"उचलून चढवायला ती काय पोतं आहे?" देवराव म्हणाले. ते नुकतेच कामावरून आले होते, सायकल अजून हातात होती. "लोकांच्या पायाखाली माझी माय जाणार न्हाई. मी नेतो तिला. मोटारीनं."

"कोणत्या मोटारीनं? ह्या?" सूर्यभान हसला. "दाजी, ही गल्लीच्या बाहेर तरी गेली का अजून?"

"दसऱ्याला नागपुरात दिसंल तुला."

"दिसली तर मी तिच्यापुढं लेझीम खेळतो!"

सरुबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. "कशानंबी न्या रे बाबा," त्या म्हणाल्या, "पर न्या." त्यांचं ते बोलणं दोघांनीही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचे दिवस अंगणात हातोडा थांबला नाही. देवराव थकून येत आणि तसेच गाडीखाली शिरत. मकबूलमियाँ दुकान लवकर बंद करून यायचे. गाडी रस्त्यावर आणायची तात्पुरती परवानगी मिळवली. रंग द्यायला वेळ नव्हता, म्हणून लाकडाला नुसतं तेल पाजलं. गाडीची एकच फेरी झाली: देवराव एकटे बसून नामपल्लीपर्यंत गेले आणि परत आले. येताना किंचित चढावर गाडी दमल्यासारखी झाली, पण आली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मकबूलमियाँनी तेवढा बोनेटला हात लावून पाहिला.

"तीन जने बैठे तो?" त्यांनी विचारलं.

"रस्ता सपाट आहे."

"पूरा?"

देवराव चाकाची हवा बघायला खाली वाकले. बसच्या कारखान्यातला माणूस होता तो. निर्मलच्या पुढे घाट आहे हे त्याला माहीत नसेल असं कसं होईल?

रजा अगदी शेवटी मिळाली. सूर्यभान आणि त्याचे लोक आदल्या दिवशीच आगगाडीने गेले होते. दसरा रविवारी होता. ही तिघं शुक्रवारी सकाळी निघाली. सरुबाई पांढऱ्या साडीत होत्या, नवी, घडी नुकतीच मोडलेली. चढताना त्यांनी पितळी दांडा धरला आणि बाकावर मांडी घालून बसल्या. बाक त्यांच्या मापाचंच होतं. झडप वर करून त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमच्यासाठी काय आणू नागपूरचं?"

"संत्री आणा," मी म्हणाले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. चतुराबाईंनी मला ते इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच वाटतं.

कामारेड्डीपर्यंत गाडी नीट गेली. मग पाणी उकळायला लागलं. थांबायचं, पाणी घालायचं, पुन्हा निघायचं. निजामाबादच्या अलीकडे टायर गेलं. मुक्काम पडला. शनिवारी गोदावरीच्या पुलावर आले तेव्हा सरुबाईंनी सवयीने कमरेची पिशवी चाचपली. नदीत पैसा टाकायचा असतो. पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ते सोडायचंच हाय." चतुराबाई सांगत की त्या वेळी म्हातारी पोरीसारखी दिसत होती.

निर्मल मागे पडलं आणि दुपारी घाट लागला. पहिल्या वळणापर्यंत गाडी चढली. दुसऱ्या वळणावर इंजिन ओरडू लागलं, चाकं फिरेनात. देवराव उतरले, चाकांना दगड लावले. सामान काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं. चतुराबाई उतरल्या. तरी चढेना. मग ते गाडी सरकवत सरकवत घाटाच्या पायथ्याशी परत घेऊन आले आणि तिचं तोंड फिरवलं. मागे जायच्या गिअरला जोर जास्त असतो. मकबूलमियाँनी त्यांना ते शिकवलं होतं. आता गाडी उलटी चढू लागली. सरुबाई आत, तोंड हैदराबादकडे, पाठ नागपूरकडे. चतुराबाई मागे मागे सामान घेऊन चालत होत्या. अशी ती बरीच वर गेली. मग जळका वास आला आणि गाडी थांबली. क्लच जळाला होता.

देवराव तिथेच खाली बसले. रंधा आणि करवत चालवणाऱ्या माणसाजवळ त्यावर उपाय नव्हता.

थोड्या वेळाने खालून एक ट्रक आली. माणसांनी भरलेली, सगळ्यांचे कपडे पांढरे, पुढे निळं निशाण. नांदेडकडची माणसं होती, नागपूरला निघालेली. घोषणा देत होती. गाडी पाहून ट्रक थांबली.

"कुठं चाललात, दादा?"

"नागपूर."

"ह्या कपाटातून?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले, पण ते आपल्या माणसाचं हसणं होतं. एक म्हातारा वरून म्हणाला, "चला, या वर. सकाळपर्यंत पोचतो. आजीला द्या इकडं."

चार हात खाली आले. वर माणसं सरकली, गोधडी पसरली, मधोमध जागा झाली. सरुबाईंनी दांडा धरला आणि उतरायला पाय खाली सोडला.

"माय, थांब," देवराव म्हणाले.

"काहून?"

"ट्रकात खाली बसून जायचं? मालासारखं?"

"आपल्याच माणसांत खाली बसायला मला काय झालं रे?"

"मी नेतो म्हणलो ना तुला. निर्मलहून मिस्त्री आणतो. लगेच निघू."

चतुराबाई म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या त्यास्नी. मी जाते संगं. तुम्ही मागून या." ट्रकवाले म्हणाले, "दादा, वाद कशाला? वेळ जातोय." देवरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते चतुराबाईंना कधी नीट सांगता आलं नाही. रागाचा नव्हता, एवढंच त्या म्हणत.

सरुबाईंचा एक पाय लोखंडी पायरीवर होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि पाय वर घेतला. आयुष्यभर त्या मुलाच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता तो दिवसही त्यांनी पाहिला होता. आता फुटला तर तो कसा मोडायचा, असं त्यांना वाटलं का? हा माझा तर्क आहे.

ट्रक गेली. घोषणा वळणापलीकडे बराच वेळ ऐकू येत होत्या. तशी दुसरी ट्रक त्यानंतर आली नाही. उशिरा निघालेले तेवढेच होते.

निर्मलचा मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, हे सामान हैदराबादशिवाय मिळणार नाही. शेवटी एका शेतकऱ्याचे बैल जुंपून गाडी खाली निर्मलला आणली. दसरा तिथेच गेला. सरुबाई दिवसभर गाडीत आपल्या बाकावर बसून होत्या. खाली उतर म्हटलं तरी उतरल्या नाहीत. निर्मलचे लोक सोनं वाटत हिंडत होते. एका पोरीने त्यांच्याही हातात आपट्याची पानं ठेवली.

नंतर नागपूरहून माणसं परतू लागली. रस्त्यावर गाड्या थांबत, चहा घेत. सरुबाई झडप वर करून प्रत्येकाला विचारत.

"पाह्यलं का रे बाबा?"

"पाह्यलं, आजी."

"कसे दिसले?"

कुणी म्हणे, फार गर्दी होती. कुणी म्हणे, पांढरे कपडे, हातात काठी. एक बाई म्हणाली, थकलेले वाटले. त्यावर सरुबाईंनी झडप खाली ओढली.

गाडी निर्मललाच ठेवून तिघं बसने परत आली. बसमध्ये सरुबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुणी उठवलं नाही. देवराव सगळा रस्ता उभे राहून आले, जागा असून.

गल्लीत कुणी थट्टा केली नाही. सूर्यभान आला, त्यानेही लेझमीचं नाव काढलं नाही. तो नुसता म्हणाला, "मामी, पुढच्या खेपेला मी नेतो. मुंबईला, दिल्लीला, कुठंबी." पुढची खेप असणार हे सगळे धरूनच चालले होते.

एक नोव्हेंबरला राज्य मोडलं. शाळेला सुट्टी होती, शहरात दिवे लावले होते. देवरावांना नांदेडच्या डेपोत जाता आलं असतं. त्यांच्या बरोबरचे बरेच गेले. त्यांनी नाव दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडं जाऊन काय करू?"

आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, सकाळी, सूर्यभान सायकल टाकून तबेल्यात शिरला. मी गॅलरीत केस विंचरत होते. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही. या वेळी तो उभा राहून बोलत नव्हता, बाजेच्या पायाशी बसला होता. मग चतुराबाईंचा आवाज आला, "बाबासाहेब गेले?" मी तशीच खाली गेले. सरुबाई रडत नव्हत्या. भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होत्या. देवराव दारात उभे होते, कामावर निघालेले, डबा हातात. ते तसेच डबा घेऊन कामावर गेले.

"अहो, तुमच्या मानापायी माय राह्यली," चतुराबाई त्यांच्या पाठीमागे म्हणाल्या. "तिच्या मानापायी न्हाई. तुमच्या."

असं त्या एकदाच बोलल्या. सरुबाईंनी तर कधीच बोल लावला नाही, आणि तेच फार वाईट झालं असं मला वाटतं. पुढे वस्तीत भंते आले आणि सरुबाईंनी ती पांढरी साडी नेसून दीक्षा घेतली. घरी येऊन म्हणाल्या, "झालं एकदाचं." नंतर दोन वर्षांनी थंडीत त्या गेल्या. शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं.

गाडी कारखान्याच्या एका रिकाम्या लॉरीतून परत आली होती, पण देवरावांनी तिला पुन्हा हात लावला नाही. मकबूलमियाँ क्लच घेऊन आले, बसवतो म्हणाले, लाकूड काढून हलकी करू म्हणाले. देवराव "बघू" म्हणाले. कोंबड्या त्या बाकाखाली अंडी घालू लागल्या. देवडी विकली गेली तेव्हा भंगारवाल्याने इंजिन आणि सांगाडा नेला. बॉडी उतरवायला त्याच्या माणसांना फार त्रास झाला, जोड सुटेनात. शेवटी त्यांनी ती कुऱ्हाडीने फोडली. देवराव त्या दिवशी कामावर होते.

या विषयावर ते माझ्याशी एकदाच बोलले. सरुबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तारनाक्याला एका लग्नाला गेले होते, तिथे भेटले. पंगतीला वेळ होता. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो होतो.

"बाई, इंजिन लहान आहे हे मला माहीत होतं," ते एकाएकी म्हणाले.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"हलकी बॉडी मला बांधता आली असती. पर मग ते बाक बसलं नसतं." मग म्हणाले, "ट्रकातल्या माणसांनी सरकून जागा केली होती, बाई. गोधडी घातली होती तिच्यासाठी. मी पाह्यलं ते."

मी म्हणाले, "तुम्ही तिच्यासाठीच केलंत सगळं."

ते म्हणाले, "तिनं तर काही मागितलंच नव्हतं. न्या, एवढंच म्हणली." मग कुणीतरी पंगतीला बोलावलं आणि आम्ही उठलो.

देवराव कारखान्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. चतुराबाई गेल्या. ते तारनाक्याला मुलीकडे राहतात. ही मुलगी त्यांना या सगळ्यानंतर झाली. जावई बँकेत आहे, नातवंडं इंग्रजी शाळेत, आपसात तेलुगू बोलतात. मी कधी गेले की देवराव खुर्ची पुढे करतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. घरातली सगळी माणसं दर दसऱ्याला नागपूरला जातात. देवराव जात नाहीत. ते दोन-तीन दिवस एकटे घरी असतात आणि शेजारच्या घरून त्यांना जेवण येतं.